दोन यमुना आणि चिमणराव : मराठी वाचकाच्या पात्रप्रेमाचा एक विचार

१

एखाद्या काळातील वाचकांना कोणती कल्पित पात्रे प्रिय झाली, या प्रश्नाकडे वाङ्मयेतिहासाने पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही. ग्रंथांची प्रकाशनवर्षे, लेखकांची चरित्रे, वाङ्मयप्रकारांचा उदय आणि विकास यांची नोंद इतिहासकार साक्षेपाने करतो. वाचकाचे प्रेम मात्र आस्वादाचा विषय समजून रसिकांच्या स्वाधीन केले जाते. वस्तुतः हे प्रेमही कालबद्ध असते. ते एका विशिष्ट समाजात, विशिष्ट प्रकारच्या ग्रंथप्रसाराच्या आश्रयाने आणि विशिष्ट निवेदनपद्धतीच्या योगाने उत्पन्न होते. एखादे पात्र ग्रंथाच्या पानांतून उतरून लोकांच्या बोलण्यात वावरू लागते, तर त्याच ग्रंथातील अथवा त्याच काळातील दुसरे पात्र, अधिक गुणवान असूनही, विस्मृतीत जाते. असे का घडते, हा प्रश्न अभिरुचीचा तर आहेच, परंतु इतिहासाचाही आहे.

या प्रश्नाचे रूढ उत्तर असे आहे की, वाचकाला आपला आदर्श ज्या पात्रात दिसतो ते पात्र त्याला प्रिय होते. मराठी कथावाङ्मयाचा पहिल्या शंभर वर्षांचा अनुभव या उत्तराला दुजोरा देत नाही. धीरोदात्त नायक, रूपगुणसंपन्न नायिका आणि त्यांना संकटातून सोडविणारे सज्जन यांची आरंभीच्या कादंबऱ्यांत वाण नव्हती. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यामागून अद्भुतरम्य कथांची एक परंपराच निर्माण झाली. त्या कथा आपल्या काळी आवडीने वाचल्या गेल्या. तथापि त्यांतील नायक-नायिकांची नावे आज अभ्यासकाखेरीज कोणाला सांगता येत नाहीत. कथा आवडणे आणि पात्र प्रिय होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीसाठी कुतूहल पुरते. दुसरीसाठी सहवास लागतो.

हा भेद स्पष्ट करणारे एक विलक्षण उदाहरण मराठी कादंबरीच्या इतिहासातच उपलब्ध आहे. एकोणिसाव्या शतकात, सुमारे पस्तीस वर्षांच्या अंतराने, एकाच नावाच्या दोन नायिका निर्माण झाल्या. दोघींचाही विषय वैधव्य हाच होता आणि दोघींच्याही निर्मात्यांना समाजाची सुधारणा अभिप्रेत होती. पहिलीचे स्थान वाङ्मयेतिहासाच्या पानावर राहिले. दुसरी घरोघर पोहोचली. या दोन यमुनांमधील अंतर मोजले म्हणजे वाचकप्रियतेचे रहस्य बऱ्याच अंशी हाती लागते.

२

बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले. पदमनजींनी १८५४ मध्ये ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला होता, आणि हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण करणे हा आपला उद्देश त्यांनी ग्रंथाच्या उपशीर्षकातच सांगून टाकला आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये, विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता मिळाली होती. प्रश्न ज्वलंत होता, आणि तो कथारूपाने मांडण्याचे धैर्य पदमनजींनी दाखविले, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे.

या ग्रंथातील यमुना आपला पती विनायक याच्यासह प्रवास करते. वाटेत ठिकठिकाणी तिला विधवांच्या दुःखाच्या कहाण्या ऐकावयास मिळतात. पुढे पतीच्या निधनाने तिच्यावरही वैधव्य ओढवते. अखेर ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. अशा रीतीने लेखकाला सुचवावयाचा उपाय तिच्याच चरित्रातून सिद्ध होतो. ग्रंथाची रचना हेतूच्या दृष्टीने चोख आहे. परंतु याच चोखपणामुळे यमुना ही व्यक्ती म्हणून वाचकाच्या मनात मूळ धरीत नाही. ती सुशिक्षित आहे, विचारी आहे, करुणार्द्र आहे. लेखकाला जे जे कळते ते ते तिलाही कळते. पुस्तकाच्या बऱ्याच भागात दुःख इतरांचे आहे आणि यमुना त्या दुःखाची साक्षीदार आहे. तिच्या बोलण्यात लेखकाचा विचार इतक्या स्वच्छपणे उमटतो की, वाचक तिचे ऐकतो, तिच्याशी सहमत होतो अथवा वाद घालतो, परंतु तिची काळजी करीत नाही. जिला सर्व काही समजलेले आहे, तिच्यासाठी वाचकाकडे करण्यासारखे काही उरत नाही.

यात पदमनजींचा दोष काढण्याचे कारण नाही. १८५७ मध्ये मराठी गद्याला निबंध ठाऊक होता, संवादरूप उपदेश ठाऊक होता, नीतिकथा ठाऊक होती. सामान्य माणसाच्या मनात शिरून त्याच्या अर्धवट समजुतीसह जग पाहण्याची रीत अद्याप घडावयाची होती. ती घडण्यासाठी आणखी एक पिढी जावी लागली.

३

हरि नारायण आपटे यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक १८९० साली सुरू केले, आणि त्याच साप्ताहिकातून ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. १८९३ मध्ये ती ग्रंथरूपाने बाहेर आली. कादंबरी सुरू झाली तेव्हा हरिभाऊंचे वय सव्वीस वर्षांचे होते. या कादंबरीतील यमू स्वतःच आपली हकीकत सांगते. बालपण, तापट वडिलांच्या धाकात दबलेली आई, जीव लावणारा दादा, विवाह, सासर, पती रघुनाथराव यांच्यासह मुंबईत घालविलेले सुखाचे दिवस, त्यांचा अकाली मृत्यू, आणि त्यानंतर शंकरमामंजींच्या सत्तेखालील घरात बळजबरीने झालेले केशवपन, असा तिचा जीवनक्रम आहे.

या निवेदनाचे वैशिष्ट्य असे की, यमूला आपल्या आयुष्याचा अर्थ एकदम कळत नाही. मुलीच्या वयात ती जे पाहते ते मुलीच्या बुद्धीनेच सांगते. वडिलांचा संताप ही तिच्या लेखी घरातील एक नित्याची गोष्ट आहे. आईचे मुकाट सोसणे हेही तसेच. त्या घटनांमागील अन्याय यमूच्या आधी वाचकाला जाणवतो. लग्नाच्या कौतुकात ती रमलेली असताना पुढचे भय वाचकाच्या मनात दाटू लागते. पात्राला जेवढे कळते त्याहून थोडे अधिक वाचकाला कळावे, आणि तरीही त्याला काहीच करता येऊ नये, अशा या अवस्थेतून ममत्व निर्माण होते. वाचक यमूचा न्यायाधीश होत नाही, शिष्यही होत नाही. तो तिचा वडीलधारा नातलग बनतो. ‘पोरीला सांगावे कोणी तरी,’ ही त्याची भावना असते, आणि सांगणारे कोणी नाही हेच कादंबरीच्या नावात गोवलेले आहे.

दुसरी गोष्ट तपशिलाची. पहिल्या यमुनेची सुखदुःखे सर्वसामान्य शब्दांत येतात. दुसरीची येतात ती बालपणीच्या खेळांतून, माजघरातील कुजबुजीतून, सासरी टाकलेल्या टोमण्यांतून, नवऱ्याने लिहिणेवाचणे शिकवावे आणि ते घरातल्यांच्या नजरेला खुपावे अशा बारीकसारीक प्रसंगांतून. मैत्रीण दुर्गी हिचे दुर्दैवी आयुष्य यमूच्या आयुष्याशेजारी उभे केल्यामुळे हे दुःख एकटीचे नाही हेही कळते. परंतु दुर्गी ही उदाहरण म्हणून येत नाही, लहानपणापासूनची सोबतीण म्हणून येते. सुधारणेचा पक्ष लेखक कोठेही लपवीत नाही. तथापि तो पक्ष युक्तिवादाने सिद्ध न होता ओळखीने सिद्ध होतो.

या आत्मनिवेदनाचे ऐतिहासिक महत्त्व आणखी एका दृष्टीने ध्यानात घेण्यासारखे आहे. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ १९१० साली प्रसिद्ध झाल्या, आणि लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासूनच्या काही वर्षांत वाचकांच्या हाती आली. म्हणजे, प्रत्यक्ष स्त्रियांची ही दोन थोर आत्मनिवेदने प्रसिद्ध होण्यापूर्वी दोन ते चार दशके मराठी वाचकाने एका कल्पित स्त्रीचे ‘मी’ आपल्या कानांनी ऐकलेले होते. घरातली बाई स्वतःच्या तोंडाने आपली हकीकत सांगते, आणि ती ऐकण्याजोगी असते, ही सवय यमूने लावली. मात्र ते ‘मी’ एका पुरुषाच्या लेखणीतून उतरलेले होते, हेही विसरून चालणार नाही. ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ या १८८२ सालच्या निबंधात पुरुष लेखकांच्या स्त्रीचित्रणाचा खरपूस समाचार घेतला होता. हरिभाऊंची यमू या टीकेच्या कसोटीला पुष्कळ अंशी उतरते, कारण तिच्यावर सद्गुणांचे किंवा दुर्गुणांचे ओझे लादलेले नाही. तिला भिण्याची, चुकण्याची, रुसण्याची आणि आनंदाने वेडे होण्याची मोकळीक आहे.

४

यमूच्या लोकप्रियतेचे एक कारण कादंबरीच्या अंतरंगात आहे, तर दुसरे तिच्या प्रसिद्धीच्या पद्धतीत आहे. साप्ताहिकातून येणारी कथा वाचक एका बैठकीत संपवीत नाही. एक प्रकरण वाचून झाल्यावर पुढील अंक येईपर्यंत त्याला थांबावे लागते. त्या अवधीत त्याच्या स्वतःच्या घरात सण होतात, आजारपणे येतात, मुली सासरी जातात. दीर्घकाळ चाललेल्या या वाचनात यमू वाढत होती आणि वाचकाच्या घरातील मुलीही वाढत होत्या. पात्राचे आयुष्य आणि वाचकाचे आयुष्य अशी बरोबरीने चालू लागली म्हणजे त्या दोहोंच्या सीमा पुसट होतात. पात्राची चौकशी नातलगाप्रमाणे होऊ लागते.

हा अनुभव केवळ मराठी नव्हे. इंग्लंडात चार्ल्स डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ १८३६-३७ मध्ये मासिक भागांनी निघत होती. सॅम वेलर हा हजरजबाबी नोकर कथेत आल्यानंतर तिचा खप झपाट्याने वाढला, ही गोष्ट इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासात सुप्रसिद्ध आहे. पुढे १८९३ च्या डिसेंबरात आर्थर कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्सचा मृत्यू घडविला, तेव्हा मासिकाच्या वाचकांनी तीव्र नाराजी दर्शविली आणि अखेर लेखकाला त्याला परत आणावे लागले. हरिभाऊंचे इंग्रजी कादंबरीचे वाचन विपुल होते, आणि क्रमशः प्रकाशनाचे सामर्थ्य त्यांनी ओळखले होते. परंतु होम्सच्या वाचकाला जे मिळाले ते यमूच्या वाचकाला मिळणे शक्य नव्हते. यमूला परत आणता आले असते तर कादंबरीचे प्रयोजनच नष्ट झाले असते.

कादंबरी प्रसिद्ध होत असतानाचा काळही लक्षात घेतला पाहिजे. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलींचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर गेले. या कायद्यावरून पुण्यात झालेला वाद सर्वश्रुत आहे. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८८९ मध्ये मुंबईत निघाले आणि पुढील वर्षी पुण्यात आले. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला, आणि १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापिला. सभांतून आणि वृत्तपत्रांतून दोन्ही पक्षांचे लोक कडाडून भांडत असता, साप्ताहिकाच्या पानांतून एक मुलगी कोणाशीही न भांडता आपली गोष्ट सांगत होती. सुधारणेला ज्यांचा विरोध होता त्यांच्याही घरात ती वाचली जाऊ शकत होती. वादात जो पक्ष घ्यावा लागतो तो पात्रावर प्रेम करताना घ्यावा लागत नाही, हे कथावाङ्मयाचे बळ आहे. त्यातच त्याचा एक धोकाही सामावलेला आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

५

प्रेम आणि संमती या एकच गोष्टी नव्हेत, हे ठळकपणे दाखविणारे पात्र रंगभूमीवर अवतरले. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक त्यांच्या मृत्यूनंतर, १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. मद्यपानाने एका बुद्धिमान वकिलाचा संसार कसा धुळीस मिळतो, हा नाटकाचा विषय. गणपतराव बोडस यांचा सुधाकर आणि बालगंधर्वांची सिंधू यांनी प्रेक्षकांना हेलावून सोडले. परंतु बोलण्याचालण्यात, थट्टामस्करीत, वचनांच्या रूपाने जो टिकून राहिला तो मुख्यतः तळीराम. मानहानीने खचलेल्या सुधाकराच्या हाती पेला देणारा, आर्यमदिरामंडळाचा हा धुरीण नाटकाच्या हेतूच्या थेट विरोधात उभा आहे, आणि तरीही त्याच्या प्रवेशाबरोबर प्रेक्षागृह खुलते.

हे कोडे उलगडण्यासाठी सिंधू आणि तळीराम यांना शेजारी ठेवून पाहावे. सिंधू हे आदर्श पतिव्रतेचे चित्र आहे, आणि पात्रप्रेम आदर्शावर जडत नाही या म्हणण्याला ती अपवाद वाटण्याचा संभव आहे. परंतु प्रेक्षकाच्या मनात सिंधू राहते ती जात्यावर लोकांचे दळण दळणारी, मोडक्या संसारात मुलाला जपणारी गरीब बाई म्हणून. तिच्या एकनिष्ठेचे तत्त्वज्ञान पुढील काळातील टीकाकारांना पटले नाही. तिचे दारिद्र्य मात्र पटण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज पडली नाही. तळीरामाची गोष्ट याच्या उलट आहे. तो स्वतःविषयी कोणताही भ्रम बाळगीत नाही. नाटकातील सज्जन मंडळी स्वतःला फसवीत असता, हा मद्यपी आपल्या अधःपाताचे तर्कशास्त्र तोंडपाठ म्हणून दाखवितो. सभ्य समाज सभा, ठराव आणि मंडळे यांतून ज्या प्रकारे बोलतो, त्याच प्रकारे तो मद्याची वकिली करतो. प्रेक्षक हसतो तो त्या नक्कलेला, आणि त्या हसण्यात आपल्या सार्वजनिक जीवनातील दांभिकपणाची कबुली असते.

अशा रीतीने लेखकाचा उद्देश एका दिशेने जातो आणि पात्र दुसऱ्या दिशेने प्रेम मिळविते. तळीराम आवडला म्हणून प्रेक्षक मद्यपानाला अनुकूल झाला, असे कोणी म्हणणार नाही. आणि सिंधूसाठी डोळे पुसले म्हणून तो घरी जाऊन पत्नीशी निराळ्या रीतीने वागला, असेही म्हणता येणार नाही. पात्रप्रेम हे मताचे माप नसते. माणसाला माणसाची ओळख कोठवर पटू शकते, याचे ते माप असते.

६

विनोदी वाङ्मयात ही ओळख पटण्यासही काळ लागला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी १९०२ पासून लिहिलेल्या ‘सुदाम्याच्या पोह्यां’नी मराठीत उच्च दर्जाच्या विनोदाची प्रतिष्ठापना केली. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रयीच्या द्वारे त्यांनी रूढींची आणि अंधश्रद्धांची खिल्ली उडविली. तथापि तेथे वाचकाला मोह पडतो तो कोल्हटकरांच्या बुद्धिविलासाचा. ही तीन पात्रे त्या बुद्धीची वाहने होत. बंडूनानांचे घर कसे आहे, त्यांच्या खिशात महिनाअखेर किती पैसे उरतात, याची चिंता वाचकाला पडत नाही. गडकऱ्यांच्या ‘बाळकरामा’ने ठकीच्या लग्नाच्या निमित्ताने ही मंडळी घरगुती प्रपंचाच्या अधिक जवळ आणली. परंतु त्या प्रपंचात कायमचे बिऱ्हाड केले ते चिंतामण विनायक जोशी यांच्या चिमणरावांनी.

चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) हे बडोद्याच्या महाविद्यालयात पाली भाषेचे अध्यापक होते, आणि बौद्ध वाङ्मयाचे व्यासंगी म्हणून विद्वानांत त्यांचा लौकिक होता. त्यांची ‘एरंडाचे गुऱ्हाळ’, ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ इत्यादी पुस्तके १९३० नंतरच्या दशकात वाचकांच्या हाती पडू लागली. जागतिक मंदीचा तो काळ. ठराविक पगार, वाढता संसार, बेकारांची वर्दळ आणि प्रतिष्ठा सांभाळण्याची धडपड हे शहरी पांढरपेशा कुटुंबाचे रोजचे वास्तव होते. चिमणराव त्याच वर्गाचे. पत्नी काऊ, मुले मोरू, मैना, राघू अशी नावानेच पाखरांची असलेली ही घरटी, आणि सोबतीला शरीराने आडदांड व स्वभावाने बेधडक असा गुंड्याभाऊ, एवढ्या सामग्रीवर जोशांनी आपले विनोदाचे विश्व उभारले.

येथेही निवेदन प्रथमपुरुषी आहे, आणि येथेही वाचकाला निवेदकापेक्षा थोडे अधिक कळते. चिमणराव स्वतःला व्यवहारचतुर समजतात. त्यांच्या हकिगतीच्या प्रत्येक ओळीतून ते तसे नाहीत हे दिसत राहते. एखादा बेत ते मोठ्या आत्मविश्वासाने मांडतात, आणि तो कोठे कोसळणार याचा अंदाज वाचक आधीच बांधतो. यमूच्या बाबतीत याच ज्ञानभेदातून कारुण्य निर्माण झाले. चिमणरावांच्या बाबतीत हास्य निर्माण होते. साधन एक, रस दोन. दोन्ही ठिकाणी वाचकाची भूमिका मात्र समानच राहते. तो पात्राला सांभाळून घेतो. चिमणरावांच्या फजितीवर हसताना त्यांना दुखवावे असे त्याला वाटत नाही, कारण त्यांच्या मनात कपट नाही, आणि त्यांची फजिती ही वाचकाच्याच कालपरवाच्या फजितीची बहीण असते. गुंड्याभाऊची योजनाही याच दृष्टीने मार्मिक आहे. जे बोलण्याचे धैर्य चिमणरावांना होत नाही ते गुंड्याभाऊ बोलून टाकतो, आणि त्याचे परिणाम निस्तरण्याचे काम चिमणरावांकडे येते. भिडस्तपणा आणि धसमुसळेपणा या मध्यमवर्गीय मनाच्या दोन बाजूच जणू येथे वेगळ्या करून दाखविल्या आहेत.

दोन यमुनांच्या संदर्भात चिमणरावांचे ऐतिहासिक स्थान पाहिले तर आणखी एक गोष्ट नजरेस येते. यमूच्या घरातील कर्ता पुरुष भयंकर होता. तिचे वडील काय किंवा शंकरमामंजी काय, त्यांच्या एका शब्दावर घरातील स्त्रीचे आयुष्य ठरत असे. चाळीस वर्षांनंतर त्याच समाजातील, तशाच प्रकारच्या घरातील कर्ता पुरुष हास्याचा विषय झाला. आणि विशेष म्हणजे, तो स्वतःच आपली फजिती सांगू लागला. सत्ता ढळू लागल्याखेरीज सत्ताधारी प्रेमळपणे हसण्याजोगा होत नाही. एकत्र कुटुंबाची मोडणी, नोकरीच्या गावी थाटलेले स्वतंत्र बिऱ्हाड, मुलींचे शिक्षण आणि विवाहवयात पडलेला फरक यांचा हा परिपाक होय. चिमणराव निरुपद्रवी आहेत म्हणून ते आवडतात, एवढे म्हणणे अपुरे आहे. कर्ता पुरुष निरुपद्रवी होऊ शकतो, हा दिलासा त्यांच्या लोकप्रियतेच्या मुळाशी आहे. मात्र या दिलाशालाही एक मर्यादा आहे. यमूला स्वतःचे ‘मी’ होते. काऊला ते नाही. तिचे कष्ट, तिची काटकसर, तिचा वैताग हे सारे चिमणरावांच्या तोंडून ऐकावे लागते, आणि चाणाक्ष वाचकाला ते त्यांच्या शब्दांच्या फटींतून शोधावे लागते.

ही जोडी पुस्तकापुरती राहिली नाही. मास्टर विनायक यांच्या ‘सरकारी पाहुणे’ या १९४२ सालच्या चित्रपटात दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी चिमणराव व गुंड्याभाऊ यांच्या भूमिका केल्या. पुढे १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनने ही मालिका सादर केली, तेव्हा दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपाने ती पुन्हा घरोघर गेली. दर आठवड्याला ठरल्या वेळी पात्राची भेट, ही ‘करमणुकी’च्या काळची रीतच येथे नव्या साधनाने परत आली.

७

वरील विवेचनातून पात्रप्रियतेची तीन कारणे निष्पन्न होतात. पात्राचे ज्ञान अपुरे असावे आणि ते अपुरेपण वाचकाला दिसावे, हे पहिले. त्याचा परिचय दैनंदिन जीवनाच्या बारकाव्यांतून घडावा, हे दुसरे. आणि हा परिचय दीर्घकाळ, खंड पडत पडत, पुनःपुन्हा घडावा, हे तिसरे. पहिल्या यमुनेला यांपैकी एकाचाही लाभ झाला नाही; दुसरीला तिन्हींचा झाला; चिमणरावांनी त्यांचा हास्यासाठी उपयोग केला. तळीरामाचे उदाहरण मात्र असे सुचविते की, ज्ञानाची ही उणीव पात्रात नसून त्याच्याभोवतीच्या समाजात असली तरी चालते.

परंतु या प्रेमाच्या मर्यादा न सांगता विषय संपविणे हे इतिहासाला धरून होणार नाही. यमूसाठी वाचकांची मने द्रवली तरी केशवपनाची चाल काही त्यामुळे तत्काळ बंद पडली नाही; ती पुढे कित्येक वर्षे चालू राहिली. याच्या उलट, ज्यांच्या हातून हा विधी घडे त्या नाभिकांनीच १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, मुंबईत सभा भरवून विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार व्यक्त केला होता. म्हणजे ज्या वर्षी ‘करमणूक’ सुरू झाले त्याच वर्षी, त्या वाचकवर्गाच्या बाहेरील लोकांनी, कोणत्याही कल्पित पात्राच्या मदतीवाचून, आपल्या पोटावर पाय देणारी कृती आरंभिली. प्रेमळ वाचक आणि कृतिशील माणूस हे एकच असतात असे नाही, आणि पात्रासाठी वाटलेली हळहळ ही कर्तव्याची भरपाई समजण्याचा मोह वाचकाला नेहमीच होतो. हरिभाऊंनी कादंबरीला दिलेले प्रश्नार्थक नाव या मोहावरच बोट ठेवते.

दुसरी मर्यादा प्रेमाच्या वर्तुळाची. यमू, सिंधू, चिमणराव ही सारी पात्रे एका विशिष्ट, मुख्यतः पांढरपेशा समाजातील होत; कारण लिहिणारा, छापणारा आणि वाचणारा बहुतांशी तोच समाज होता. परिचयाच्या बाहेरील माणसाला जवळ करण्यासाठी वाचकाला निराळा अभ्यास करावा लागतो. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’तील (१९५५) धनगरांची वस्ती, अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’तील (१९५९) भुकेल्या माणसांसाठी धान्य लुटणारा मांग वीर, यांनी हे वर्तुळ रुंदावले. फकिरा हा वीरपुरुष आहे आणि चिमणरावांच्या अगदी उलट टोकाचा आहे. तथापि त्याचे वीरत्व एका गावच्या उपासमारीतून उभे राहते, आणि ती उपासमार लेखकाने आतून पाहिलेली आहे. तेथेही वाचकाला आधी माणसाची भूक कळते, मग पराक्रम.

कल्पित पात्रांचा इतिहास हा अशा रीतीने समाजाच्या सहानुभूतीच्या विस्ताराचा इतिहास ठरतो. कोणत्या वर्षी कोणता कायदा झाला हे राजपत्रावरून कळते; कोणत्या काळी कोणत्या प्रकारच्या माणसाला वाचकाने आपल्या घरातला मानले, हे मात्र प्रिय पात्रांवरूनच कळू शकते. ‘यमुनापर्यटना’च्या वाचकाला विधवांचा प्रश्न समजला होता. ‘पण लक्षांत कोण घेतो’च्या वाचकाला एक विधवा समजली. या दोहोंमधील अंतर पस्तीस वर्षांचे होते. काऊसारख्या स्त्रीला तिचे स्वतःचे ‘मी’ मिळण्यास किती काळ लागला, आणि ते कोणाच्या लेखणीने मिळाले, हे शोधणे या अभ्यासाचे पुढील कार्य होय.